सरोजिनीआत्याची दुनळी

पेशकारांच्या घरात दिवाळीच्या पाडव्याला शिकार व्हायची, आणि त्या शिकारीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. लग्नाला जा, बारशाला जा, पेशकारांचा कुणी पुरुष भेटला की चहा संपायच्या आत पणजोबांची बंदूक निघतेच. पणजोबा निजामाच्या काळात तालुकदाराच्या कचेरीत पेशकार होते. साहेबांबरोबर शिकारीला जायचे, साहेबांची मर्जी बसली आणि त्यांना दुनळी बंदूक बक्षीस मिळाली. ब्राह्मणाच्या घरात बंदूक, मग काय विचारता! त्या बंदुकीनं कुणी कधी काय मारलं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्यामागं राबलेल्या बाईचं मात्र कुणी नाव काढत नाही. ती बाई माझी सख्खी आत्या, म्हणून मीच सांगते.

सरोजिनीआत्या लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या पेशकारांच्या घरी आली तेव्हा तिला शिकारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच पाडव्याला तिचे यजमान केशवकाका, सासरे आणि दोन चुलतदीर पहाटेच हर्सूलच्या तलावामागच्या माळावर गेले आणि दुपारी तित्तरं घेऊन आले. सासूबाईंनी नव्या सुनेला मागच्या दारी नेलं आणि घरची रीत सांगितली. मांस उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. न्हाणीघराच्या भिंतीशी तीन विटा मांडून चूल करायची. त्यावर जर्मनचं पातेलं, जे एरवी वर्षभर बाहेरच्या खुंटीला लटकलेलं असायचं. पिसं बायकांनी उपटायची, पोटातलं बायकांनी काढायचं, मसाला बायकांनी वाटायचा, तोही वेगळ्या पाट्यावर. मग डोक्यावरून अंघोळ करून घरात यायचं. खायचं फक्त पुरुषांनी. बायकांनी खाल्लं तर घर बाटतं आणि पुरुषांनी खाल्लं तर ती परंपरा, हे गणित मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रस्सा शिजत आला की केशवकाका बाह्या सरसावून यायचे, पळीनं दोनदा ढवळायचे, आणि तो रस्सा ‘केशवच्या हातचा’ व्हायचा. अंगणात पंगत बसायची. सगळे बोटं चाटत ‘केशवा, मान गये’ म्हणायचे. संध्याकाळी पाडव्याचं ओवाळणं. लोकांच्या बायकांना साडी मिळते, निदान एखादी नोट तरी मिळते. आत्याच्या ताटात काका तित्तराचं एक पीस टाकायचे. ते म्हणे शुभ असतं! दिवसभर तिनंच उपटलेल्या पिसांतलं एक पीस तिलाच ओवाळणी म्हणून द्यायचं, याला काय म्हणावं? मी लहानपणी हे पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आता आठवलं की मस्तक भणाणतं.

आत्या काही गरीब गाय नव्हती. शाळेत गणित शिकवायची, पोरं तिला टरकून असायची. हेडमास्तरांच्या चुकाही ती तोंडावर काढायची. पण घरी सासूबाईंचा धाक, त्यानंतर नवऱ्याचा अभिमान, आणि मग सवय. शिवाय तित्तर मारायला कायद्यानं कधीच बंदी आलेली होती. केशवकाका स्वतः सरकारी नोकर, त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. पण ‘वर्षातून एकदाच तर जातो’ असं म्हणून त्यांनी तो कायदा गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

पुढं हर्सूलच्या माळावर प्लॉट पडले, काकांचे गुडघे गेले आणि शिकार बंद झाली. घर गारखेड्यात आलं. दुनळी हॉलमधल्या कपाटात जाऊन बसली. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, हळदकुंकू काका वाहायचे. आत्यानं नैवेद्याचं ताट आणून द्यायचं आणि मागं सरायचं. बाईचा हात लागला की बंदुकीचा नेम चुकतो, असं या घराण्याचं शास्त्र.

काका गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परत आणायची तर परवाना वारसाच्या नावावर हवा. वारस म्हणजे श्रीरंगदादा, आत्याचा एकुलता एक मुलगा. तो पुण्यात मोठ्या पगारावर. पत्ता पुण्याचा, म्हणजे दोन्हीकडे चौकशा आणि हेलपाटे, आणि साहेबांना वेळ कुठला? त्यानं डोकं लढवलं आणि परवाना आईच्या नावावर करायचं ठरवलं. जिचा हात लागला तर नेम चुकायचा, तिच्याच नावावर! ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं विचारलं, “आजी, सांभाळाल ना बंदूक?” आत्यानं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “नुसती नावावर ठेवायची आहे, साहेब. कागदापुरती.” आत्यानं तो दाखवेल तिथं सह्या केल्या. घरी आल्यावर बंदूक पुन्हा कपाटात गेली आणि किल्ली दादानं कपाटावरच ठेवली. आई काय करणार आहे किल्लीचं, असा त्याचा हिशोब.

यंदा दसऱ्याला दादा सहकुटुंब आला. रूपावहिनी आणि सातवीतली जुळी, हिमांशू आणि हिमानी. मी सोनं द्यायला गेले होते. पूजा झाल्यावर दादानं जाहीर केलं, “या पाडव्याला हिमांशूची पहिली शिकार. पोरांना आपलं घराणं काय होतं ते कळलं पाहिजे. फुलंब्रीकडे मित्राचं शेत आहे, तिकडं कुणी विचारत नाही.”

मग त्यानं हर्सूलच्या कारभारीला फोन लावला. कारभारी मेंढरं राखणारा. काकांच्या काळी झुडपं झोडपून तित्तरं उठवायचं काम त्याच्याकडं असायचं. फोन स्पीकरवर होता.

“नाय दादा,” कारभारी म्हणाला, “म्या आता तसलं काय करीत नाय. वनखातं लई कडक झालंय. आन् हर्सूलचा जेल माझ्या घरापासनं जवळच हाय, पन मला तो आतून बघायचा नाय.”

“घाबरट,” म्हणून दादानं फोन ठेवला. हिमांशू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही.

“बाबा, आणि मी?” हिमानीनं विचारलं.

दादा कौतुकानं हसला. त्याचं हे कौतुकच मला जास्त झोंबलं. “तू आजीकडून शिकून घे ना, पक्षी साफ कसा करायचा ते. तीपण आपली परंपराच आहे. आजीसारखं कुणाला जमत नाही.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे आत्याचा जन्म मागच्या दारी विटांच्या चुलीपाशी गेला तो पुरला नाही, आता पुढच्या पिढीतली पोरगीही तिथंच नेऊन बसवायची! मी काही बोलणार तेवढ्यात रूपावहिनीनं माझा हात दाबला. “जाऊ दे मृण्मयी, त्यांच्या घरचं आहे,” ती म्हणाली. स्वतःच्या मुलीचं चाललंय, आणि म्हणे त्यांच्या घरचं!

आत्या शांतपणे हिमानीला म्हणाली, “तुला शिकायचंय का ते?”

“शी! मुळीच नाही.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि ताटं करायला उठली. खरं सांगते, मला तिचाही राग आला. एवढंच बोलता येतं का हिला, असं मनात आलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पुन्हा तिथंच होते, पणत्या लावत. दादाची मंडळीही पुण्याहून पुन्हा आली होती. दादा बंदूक पुसायला म्हणून तेल आणि फडकं घेऊन आला. त्यानं कपाट उघडलं तर आत चारदोन जुनी मासिकं.

“आई, दुनळी कुठं गेली?”

“ठाण्यात,” आत्या म्हणाली. ती चौरंगावर लाह्या-बत्तासे मांडत होती. “परत करून आले. परवानापण नको म्हणून अर्ज दिला. पंधरा दिवस झाले.”

“कुणी नेलं तुला?”

“कुणी कशाला न्यायला हवं? सतरंजीत गुंडाळली आणि रिक्षानं गेले. रिक्षावाला विचारत होता, अम्मा, ये क्या है? मी म्हटलं, सासरची ठेव आहे बाबा, पोचवायला चाललेय.”

हिमानी फिस्सकन हसली. दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. “मला न विचारता? माझ्या आजोबा-पणजोबांची बंदूक तू परस्पर देऊन आलीस?”

“नाव माझं होतं, श्रीरंग. तूच घातलंस.”

“ते कागदापुरतं होतं!”

“ठाण्यातल्या साहेबाला कागदच लागतो.”

“चार पिढ्यांची परंपरा, आई! चार पिढ्या! आता हिमांशूला मी काय देणार?” तो एवढ्यानं ओरडला की शेजारच्या दारात माणसं आली. चार पिढ्या, चार पिढ्या. जणू त्या चारही पिढ्यांना बायकांशिवायच जेवायला मिळत होतं.

हिमांशूनं पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. “मला नव्हतंच जायचं, बाबा,” तो म्हणाला, आणि मग आत्याकडे वळून, “आजी, पण तित्तर लागतं कसं?”

“मला नाही माहीत, राजा.”

“तूच तर करायचीस ना?”

“करायचे. खाल्लं कधी नाही. बायकांना खायचं नसायचं. मीठ मी वासावरून घालायचे.”

रूपावहिनीनं खाली पाहिलं. दादा मात्र गप्प बसला असता तर तो पेशकार कसला? “आई, तू कधी मागितलंच नाहीस,” तो म्हणाला. “मागितलं असतंस तर तुला नाही म्हटलं असतं का कुणी?”

हे ऐकून मी हातातली काडेपेटी फेकून मारणार होते. जिला आत यायचं तर डोक्यावरून पाणी घ्यावं लागायचं, तिनं म्हणे मागून घ्यायचं! पण आत्यानं हात वर करून मला थांबवलं. तिचा आवाज शाळेतला झाला होता.

“तू पहिल्यांदा बाबांच्या पंगतीला बसलास तेव्हा एवढासा होतास,” ती म्हणाली. “पातेलं रिकामं होईस्तोवर जेवलास. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. लहान होतास, नाही सुचलं, मी धरून बसले नाही. पण त्यानंतर किती दिवाळ्या झाल्या. तू कॉलेजात गेलास, नोकरीला लागलास, दर पाडव्याला त्याच पंगतीला बसलास. माझा मुलगा ना तू? एकदा तरी मान वर करून विचारायचंस, आई, तू जेवलीस का?”