आईचे दोन शब्द

ऑपरेटरबाईंनी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली, आणि म्हातारपणी त्यांचा स्वतःचा फोन वाजायचा तो फक्त रविवारी. परदेशातल्या मुलाचा. तोही हल्ली आईची चौकशी कमी आणि धर्माची जास्त करायचा. तिथं त्याच्यासारख्यांची संघटना होती. सभा भरत, इथल्या ‘जागृती’ला मदत जाई.

जागृती म्हणजे काय, ते बाईंना जिन्यातच कळलं. समोरच्या खोलीतली शिंपीण परधर्माची. मोतीबिंदू काढल्यापासून बाईंच्या डोळ्यांत रोज थेंब घालायची तीच. “वर बघा मावशी, छताला सोनं लागलंय का ते बघा!” एका दुपारी मिरवणुकीतली पोरं वर चढली. तिचं शिलाई मशीन गॅलरीतून खाली गेलं. मुलींना घेऊन ती गेली, ती गेलीच. आता बाई आडव्या पडून स्वतःच थेंब घालत; निम्मे कानात.

त्या रविवारी मुलगा भलताच गोड बोलला.

“आई, सभेतूनच बोलतोय. तू त्या लोकांशेजारी जीव मुठीत धरून राहतेस, असं सांगितलंय मी. दोन शब्द बोल. सगळे ऐकताहेत.”

“जेवलास का?”

पलीकडे हॉलभर हशा.

“आई, ते नंतर! भीती वाटते ना? तेवढंच सांग.”

बाईंना उमगलं. हो म्हटलं तर हा फोन वाजत राहील, कदाचित रोजही. नाही म्हटलं तर घरात उरेल तो नळाचा आवाज.

“वाटते भीती,” बाई कामावरच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “जिन्यात पावलं वाजली की धस्स होतं. पण शेजारीण गेली. तिचं घर आपल्याच पोरांनी फोडलं, तुमच्या पैशांच्या जोरावर. मी कडी लावून आत बसले होते.”

“आई!”

“तूच म्हणालास, बोल.”

लाइन तुटली. संध्याकाळी सुनेचा निरोप आला: यांची मान खाली घातलीत. पुढचा रविवार मुका गेला. त्याच्या पुढचाही.

शेवटी बाईंनी शिंपिणीचा नंबर लावला. तिनं उचलला, आवाज अगदी दबका.

“मावशी, बऱ्या आहात ना? पण आता फोन नका करू. इथं आम्ही कोण, ते कुणाला सांगितलेलं नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “पोरी शाळेत जातात?”

तिनं फोन ठेवला होता.