दयाळाने टाकलेली रुई

माझ्या सासरी, मेडशीच्या बाजाराला, माझ्या माहेरचा, कारंज्याचा एक बांगडीवाला येतो. या चैत्रात माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता तो म्हणाला, "बाई, तुमच्या गल्लीतले करीमचाचा गेले ना." माझा हात तसाच त्याच्या हातात राहिला... करीमचाचा आमच्या नात्यातले कोणी नव्हते. कारंज्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे पिंजारी. पण माझ्या पाळण्यातल्या गादीपासून लग्नाच्या गादीपर्यंत सगळा कापूस त्यांच्याच हाताने पिंजलेला. त्या गादीचीच हकिगत सांगते, म्हणजे माणूस कळेल.

माझे लग्न ठरले त्या उन्हाळ्यात चाचांनी अंगणातल्या कडुनिंबाला एक लाकडी खोका टांगला. दयाळ पक्ष्याची जोडी तिथे घरट्याला जागा शोधत घिरट्या घालत होती. चाचा पडले पिंजारी, पाहुण्याला बिछाना नाही म्हणजे काय! त्यांनी आपली सर्वांत मऊ रुई खोक्यात ठासून भरली. सकाळी मादी आत शिरली आणि चोचीने एकेक पुंजका बाहेर फेकू लागली. अंगणभर रुई झाली. मग तिने वाळके गवत आणले, मुळ्या आणल्या, बैलाच्या शेपटीचे केससुद्धा आणले. चाचा कमरेवर हात ठेवून पाहतच राहिले. "माह्या रुईत काय खोट हाय वं, पोरी?" त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारले की मला हसू आवरेना. असले गिऱ्हाईक त्यांना जन्मात भेटले नव्हते.

पिल्ले निघाली आणि खरी पंचाईत झाली. घर एवढेसे, त्यामुळे पिंजायची कमान अंगणातच चाले. माझ्या गादीचा कापूस तिथेच पिंजणे चालू होते. कमानीची तात, तिची ताणलेली दोरी, टणटणली की मादी चोचीत अळी धरून कौलावर बसून राही, खोक्याकडे फिरकत नसे. आत पिल्लांचा आकांत. चाचांनी थोडा वेळ पाहिले, आणि तात उतरवून ठेवली. लग्न तोंडावर आलेले, गादी अर्धी!

आई तावातावाने निघाली, तिच्या मागे मी.

"करीमभाऊ, काम काहून थांबवलं? पोरगी काय सासरी भुईवर झोपीन?"

"झोपीन वैनी, चार रोज भुईवर झोपीन. त्यानं काई मरत नाई. थे पिल्लं मरतीन. बसा, पाहा तं खरं."

आई बसली ती भांडण पुढे चालवायलाच. तेवढ्यात मादी आली, अळी घेऊन आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या चोचीत पिल्लाच्या शीची पांढरी गोळी होती. ती दूर नेऊन टाकली आणि पुन्हा शिकारीला. नरही तसेच करी. पोरांची बाळंती धुण्यात माझ्या आईची निम्मी हयात गेलेली. ती पदर सावरून पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "इले कोनं शिकवलं असंन?" चाचांनी नुसते आभाळाकडे बोट केले. अंगावर ऊन आले तरी आम्ही तिघेही हललो नाही. एवढ्याशा जिवाला हे सारे ठाऊक होते, आणि मी संसार मांडायला निघालेली, मला काहीच ठाऊक नव्हते. उठताना आई एवढेच म्हणाली, "गादी मागून येऊ द्या."

मी गादीशिवाय सासरी आले. "कारंज्यात कापूस सरला काय?" हा सासूबाईंचा टोमणा रोज ऐकला. मग एका दुपारी दारात बैलांची दमणी थांबली आणि गादी खांद्यावर घेतलेले चाचा उतरले. पाणी विचारायच्या आधीच म्हणाले, "पोरी, उडाले वं! समदेच्या समदे उडाले!" आणि पंच्याने डोळे पुसू लागले. सासूबाई गादी सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिल्या.

मागच्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा खोकल्याने चाचांच्याने कमान उचलवत नव्हती. त्यांनी खोका उतरवून माझ्या हाती दिला. "आता तू पाहत जाय."

तो आमच्या परसातल्या शेवग्यावर टांगला आहे. बांगडीवाल्याने ती बातमी सांगितली त्या संध्याकाळी मी गादीची शिवण उसवली, मूठभर रुई काढली आणि खोक्यात ठेवून आले. का, ते सांगता येत नाही. परवा सकाळी परस झाडायला गेले, तर शेवग्याखाली सगळी रुई विखुरलेली, आणि वर दयाळाची मादी चोचीत गवताची काडी धरून बसलेली.

"चाचा, नाई आवडली हो!" मी मोठ्याने म्हणाले, आणि झाडणी टाकून तिथेच खाली बसले.