शेवटच्या बाकावरचा डबा

माझी बायको रत्नागिरीच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे ‘शिकवायची’ असं लिहिताना पेन थोडं थांबतं.

गेली काही वर्षं घरी आल्यावर तिचा पहिला विषय ठरलेला असे. "समजलं का विचारलं की सगळी माना हलवतात. मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं तरी तेच उतरवून घेतात." हल्लीच्या मुलांना कशातच रस नाही, असं कुणी सहकारी म्हणाले की ती मात्र चिडायची. अशातच प्राचार्यांनी सांगितलं, तिसऱ्या वर्षाला गणित घेणारी पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर तो वर्ग बंद करावा लागेल. तो वर्ग टिकावा म्हणून तिची धावपळ सुरू झाली.

स्टाफरूममध्ये शंका विचारायला येणारी मुलं दाराशी चपला काढून उभी राहत. आत चहा, गप्पा चाललेल्या. कुणी "काय रे?" विचारलं की "काही नाही" म्हणून चपला घालून परत. हे पाहिल्यावर तिने मधल्या सुट्टीत आपला डबा उचलला आणि वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसली. सकाळच्या एसटीने गावागावांतून येणारी मुलं तिथेच जेवत. पहिले काही दिवस ती जाताच मुलांचे घास अडकायचे. कुणी डबा बंद करायचं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालायचं. ती आपला डबा संपवून यायची. "आज काय झालं?" मी विचारायचो. "आज मला मीठ कमी पडलं, एवढंच," ती म्हणायची.

एकदा ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला गेलो. मी शाळेतला ग्रंथपाल, गलक्याची सवय नसलेला माणूस. वर्गाच्या दारातच थांबलो. शेवटच्या बाकाभोवती घोळका होता. एका मुलीने हिच्या डब्याच्या झाकणावर सुकटीची चटणी ठेवली आणि घाबरून विचारलं, "मॅडम, तुम्हाला चालते ना?"

"चालते काय विचारतेस? घाल अजून."

सगळी हसली. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सकाळचं काय नाय समजलं ओ."

"कुठपासून?"

"पहिल्यापासून."

"मला पण!" मागून एक मुलगा ओरडला. मग एकेक करत खरकटे हात वर होऊ लागले. हिने डाव्या हातात खडू घेतला आणि उष्ट्या उजव्या हाताने मला चष्मा लावून द्यायची खूण केली. मी तो तिच्या नाकावर ठेवला. माझ्याकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता. एवढा अभिमान मला तिच्या पदव्यांचाही कधी वाटला नव्हता.

तिसऱ्या वर्षाचा वर्ग टिकला. चटणीवाली मुलगी पहिल्याच बाकावर होती. ते वर्ष अर्ध्यावर आलं असताना ही आजारी पडली, आणि उरलेलं शिकवायला नवे सर आले.

ती गेली तेव्हा सुतकात आमच्याकडे चूल पेटत नव्हती. शेजारी जेवण आणत. एका दुपारी तिच्या वर्गातली मुलं डबे घेऊन आली आणि ओळीने बसली. मी विचारलं, "नवे सर कसे आहेत?"

"चांगले आहेत, काका," चटणीवाली म्हणाली. "पहिल्या दिवशी डबा घेऊन स्टाफरूमकडे निघाले होते. आम्हीच अडवलं. म्हटलं, सर, गणिताचे शिक्षक इथे जेवतात."

"मग?"

"बसले. पण भाजी लय अळणी आणतात ओ."

आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू उमटलं. निघताना चटणीवाली म्हणाली, "आज सुकट नाय आणली, काका. तेरावं झालं की आणते."

शब्दाप्रमाणे ती आली. सोबत तिची धाकटी बहीण होती, नुकतीच कॉलेजात गेलेली.

"काका, ही पण गणितच घेणाराय. पण वर्गात तोंड उघडत नाय."

बहीण उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथेच उभी होती. मी डबा उघडला, शेजारची खुर्ची ओढली आणि तिला म्हटलं, "ये, आधी जेवून घेऊ."