मायच्या नावाची मूठ

चोपन्न-पंचावन्नची गोष्ट. बल्लारपूरच्या आठवडी बाजारात एक बाई मीठ-मिरची विकायची. तोलून झालं, की पिशवीत वरून एक मूठ टाकायची. “हे तुया मायच्या नावानं.” कोणाच्या घरी कोण आहे, हे तिला पाठ होतं.

पुढं कागद गिरणीच्या कॉलनीत मोठं स्टोअर निघालं. माल स्वस्त, तोल चोख. बाईकडची गर्दी ओसरली, पण मूठ काही आटली नाही.

“बाई, आता तरी हे बंद करा ना,” मी एकदा म्हटलं.

“काऊन? त्या स्टोअरवाल्याले मालूम हाये का, तुया घरी माय हाये म्हणून?”

एकदा बाजार चुकला, म्हणून मी स्टोअरात गेलो. मीठ तोलून झालं, तरी मी पिशवी उघडीच धरून उभा.

“आनखी काय पायजे?” स्टोअरवाल्यानं विचारलं.