पहिल्या पाळीतली मावशी

ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये मला स्पा असलेल्या एका हॉटेलातला दोन दिवसांचा मुक्काम लागला आणि नवऱ्याऐवजी मी मावशीला घेऊन गेले. नवरा अजून फुगलेला आहे, पण ते असो. जिथे आता माणसं पांढरे झगे घालून काकडीचं पाणी पीत हिंडतात, तिथे पूर्वी नगरपालिकेचं सार्वजनिक स्नानगृह होतं, आणि मावशीने तिथे बायकांच्या बाजूला एकतीस वर्षं नोकरी केली.

ती नोकरी तिने हट्टाने मिळवली होती. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घरातली फुकटची मोलकरीण करून टाकलं. एकदा तापलेला तवा हातावर पडला, तर सासूबाई तव्याला काही झालं का ते बघायला धावल्या. मावशीने त्याच दिवशी चपला घातल्या आणि नगरपालिकेत अर्ज दिला. "कुणाची मोलकरीण म्हणून मरायचं नाही," हे तिचं तेव्हापासूनचं पालुपद.

आंघोळीला आलेल्या बाईला आत सोडण्याआधी ती स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून बघायची. तळव्यांना घट्टे पडलेले, त्यांना काय कळणार? एकतीस वर्षांत तिच्या पाळीत कुणाला चटका बसला नाही. प्रत्येकीला बाराच मिनिटं; बाराव्या मिनिटाला मात्र दारावर तिची थाप पडायची, मग आत साहेबाची बायको असो नाहीतर भाजीवाली.

हॉटेलात शिरताच एकाने चिमट्याने गरम ओला रुमाल पुढे केला.

"तोंड धुऊनच आलेय मी घरून," मावशी म्हणाली.

आमच्या खोलीचं नाव होतं 'निर्झर'. मावशीने चारी भिंती न्याहाळल्या. "इथे आम्ही फिनेल ठेवायचो," ती म्हणाली आणि पलंगावर ऐसपैस बसली. भिंतीतून कुठूनतरी बासरी वाजत होती. ती बंद करायचं बटण आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग दिसला तो फोटो. स्पाच्या दारापाशी, माणसाएवढा, सोनेरी चौकटीत. तरुण मावशी टबावर वाकलेली, कमरेला टॉवेल खोचलेला, कोपर पाण्यात. खाली पितळी पाटी: 'राणीसाहेबांच्या स्नानात अत्तर मिसळताना दासी'.

राणी! त्या इमारतीत उंदीरसुद्धा राजघराण्यातला नव्हता.

मावशीने पाटी दोनदा वाचली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही पाटी निघाल्याशिवाय मी इथून हलायची नाही," मावशी म्हणाली.

मॅनेजर आला. दात इतके पांढरे की चेहरा नंतर दिसायचा. फोटोतली बाई मीच, असं मावशीने त्याला सांगितलं. "मॅडम, गेस्टना हेरिटेज आवडतं. आणि या तुम्हीच कशावरून?"

मावशीने बाही वर केली. तव्याचा डाग हातावर होता, तसाच फोटोतही होता. मॅनेजरने दोन्ही पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, पटलं त्याला.

"वा! मग रविवारी दासीच्या पोशाखात लॉबीत बसाल का? गेस्ट फोटो काढतील तुमच्यासोबत."

जनाची नाही, निदान मनाची तरी! मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझा हात दाबला. "आमची लेपाची वेळ झाली," ती म्हणाली आणि आत गेली.

आत तिने पाय बुडवण्याआधी पाण्यात कोपर घातलं. "कोमट आहे. आमच्याकडे तक्रार आली असती." मग तोंडाला कसल्याशा दुर्मिळ मातीचा लेप लावून घेतला आणि उरलेल्या लेपाची वाटी घेऊन, अर्ध्या पांढऱ्या तोंडाने, झगा सावरत ती थेट फोटोपाशी गेली. खिशातून तिने हॉटेलचं अभिप्रायाचं कार्ड काढलं, त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि लेप थापून ते पाटीवर चिकटवलं:

'नगरपालिका स्नानगृह. महिला विभाग. पहिली पाळी. कायम नोकरी.'

खाली सही, हजेरीपुस्तकात करायची तशी.

मॅनेजर धावत आला आणि नखाने कार्ड खरवडू लागला. कार्ड जागचं हलेना.

"तोंडाला काही उपयोग नाही हो या मातीचा," मावशी त्याला म्हणाली. "पण कागद चांगला धरते."