देवी घरात असताना

माझ्यासारखं तोंड आता कर्जत-खालापुरात शोधून सापडायचं नाही. आम्ही जवान होतो तेव्हा शिळफाट्याच्या बाजारात उभं राहिलं की सुकी मासळी विकणारी बाई, टांगेवाला, तलाठी, कुणाच्या ना कुणाच्या गालावर हे खड्डे दिसायचेच. कुणी वळून बघत नसे. परवा बीपी दाखवायला सरकारी दवाखान्यात गेलो, तर तिथली नवीन डॉक्टरीण माझ्याकडं बघतच राहिली.

"आजोबा, तरुणपणी पिंपल्स फार यायचे का तुम्हाला?"

"पिंपल्स नाय ताई. देवी."

तिला वाटलं म्हातारा देवधर्माचं काही बोलतोय. मग उमगलं तसं तिनं आतल्या दोघी नर्सना हाक मारली, "या गं लवकर, हे आपण नुसतं पुस्तकात वाचलंय." तिघी माझ्या तोंडावर वाकल्या. मी मान ताठ ठेवली. नातू घरी आल्यावर म्हणाला, तुम्हाला लाज नाही वाटली? लाज कसली? कमावलेलं तोंड आहे हे. आणि त्याला चिकनपॉक्स म्हणायचं नाही, हे मी घरात बजावून ठेवलंय. चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या, पोरखेळ. देवी वेगळ्या.

मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही. पण देवींबद्दल मला जे ठाऊक आहे ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, कारण ते अंगावर घ्यावं लागतं.

आमचं घर भिवपुरीच्या अलीकडच्या एका गावात, बौद्धवाड्यात. कुडाच्या भिंती, पुढं शेणानं सारवलेली ओटी, आत एक खोली आणि तिला लागून चुलीची खोली. घरात आम्ही पाच जण. बा, आय, आजी म्हणजे बाची आई, मी, आणि नुकतीच बोलायला लागलेली माझी धाकटी बहीण. बा पॉवर हाउसवर मजुरीला जायचा. आमच्या वाड्यानं दीक्षा घेतली, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. देव्हाऱ्यातले देव बानं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. गावावर रोगराई आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर ओढत न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं होतं. ते बानं पाटलाच्या ओट्यापुढं उभं राहून सोडलं. "गाडा तुमचा, बाई तुमची. तुमीच वडा," म्हणाला. हे वाक्य आमच्या वाड्यात कितीतरी वर्षं घोळत होतं. बा तसा होता. एकदा नाही म्हणाला की संपलं. माझ्यातही ते उतरलंय, असं बायको म्हणायची.

आजीनंही देव सोडले होते, पण मरीआईला ती भ्यायची. देवी म्हणजे तीच अंगावर येते, असं मानायची. देव गेला तरी भीती जात नाही पटकन. मागं एकदा देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा डॉक्टर वाड्यात आला होता तेव्हा तिनं मला भाताच्या कणगीत बसवून वर सूप झाकलं होतं. बा कामावर होता. त्याला ते कळलं, तोवर डॉक्टर पुढच्या गावाला गेला होता. असा मी बिनटोचलेला राहिलो.

त्या साली उन्हाळ्यात देवी आल्या. आमच्या शेजारच्या घरातलं एक पोर गेलं आणि मग माझं अंग तापलं. तापानं कंबर मोडायला आली. दोन-तीन दिवसांनी कपाळावर, मग हातापायांवर पुरळ उठलं. आजीनं माझं तोंड दिव्याकडं वळवून बघितलं, मागं सरली आणि दोन्ही हात जोडले. म्हणाली, "आल्या का बाई?"

तेव्हापासून मी माझा राहिलो नाही. ज्याच्या अंगावर देवी आल्या त्याला नावानं हाक मारायची नाही, एकेरी बोलायचं नाही. तो बोलला की बाई बोलल्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, तळण बंद. चपला ओटीखाली. मोठ्यानं बोलायचं नाही, भांडायचं तर नाहीच. आयनं गोवरीची राख फडक्यातून चाळून खाली पसरली, वर केळीचं पान, त्यावर मी. नुसत्या घोंगडीवर निजवलं तर कातडी चिकटून सोलून यायची.

"बाई, पेज घेता का?" आय विचारायची.

"बाई, वारा घालू का?" आजी विचारायची.

अंगाची आग होत होती, घसा आतून फोडांनी भरला होता, पापण्या चिकटल्या होत्या. तरी खरं सांगतो, त्या दिवसांची आठवण आली की मला आधी ते दुखणं आठवत नाही. निंबाच्या पानांचा वारा आठवतो. अख्ख्या घराचा हळू आवाज आठवतो. एरवी आमच्या घरात कोण कुणाशी हळू बोलत होतं? माझ्या आयनं त्याआधी आणि त्यानंतर मला कधी "घेता का" म्हटलं नाही. "गिळ" म्हणायची. एकदा मी ऊस मागितला. तो मला चावता येणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी आजीनं भर उन्हात कुठून तरी कांडकं आणलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. बाईंनी मागितलं होतं ना.

एकटा बा तसलं काही बोलत नव्हता. घरात देवी आहेत कळल्यावर मुकादमानं त्याला कामावरून परत पाठवलं होतं. तो ओटीवर बसून असायचा. मधूनच दारात येऊन म्हणायचा, "कसा हायस रं?"

आजी दबक्या आवाजात खेकसायची, "तोंड सांभाळ. ऐकतायत त्या."

"आजारी पोर हाय ते, आये. त्याला आजारी म्हनावं."

मला बाचा राग यायचा. सगळे मान देतात आणि हा एकटा आपला रं-रं करतो.

अशात देवी काढणारा डॉक्टर वाड्यात आला. शेजारच्या पोराची बातमी वर गेली असणार. मला डोळे उघडता येत नव्हते, पण कुडाच्या भिंतीला कान असतात आणि मलाही होते. बा लगबगीनं म्हणाला, "या साहेब, आमची पोरगी हाय, टोचायची राहिलीय."

यावर आजी जी उठली, ती दाराच्या उंबऱ्यात आडवी बसली. आमच्याकडची समजूत अशी होती की घरात देवी असताना दुसऱ्या कुणाला टोचायचं नाही. बाई पाहुण्या आल्यात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना दार लावायचं, याहून मोठा अपमान नाही. मग त्या कोपतात आणि आलेलं पोर घेऊन जातात. म्हणजे मला. आयलाही तेच भय. तिनं बहिणीला उचललं, चुलीच्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.

"आज नाय," आजी म्हणाली. "बाई गेल्या का मंग या."

"आजी, बाई गेल्यावर येऊन मी काय करू?" डॉक्टर म्हणाला. "पोरगी चार दिवस याच घरात श्वास घेतेय. आज टोचली तर वाचेल. पुढच्या आठवड्यात टोचून उपयोग नाही. आणि मला अजून तीन वाड्या करायच्यात, मी थांबू शकत नाही."

"आये, बाजूला हो," बा म्हणाला.

"मला वलांडून जा."

आईला ओलांडून कुठला मुलगा जाईल? बा गाडा सोडून आला, देव सोडून आला, पण उंबऱ्यात बसलेली म्हातारी त्याला ओलांडता येईना. आवाज चढवायचा तर तोही नाही, त्यानं आय आतून कडी अजून घट्ट धरणार. डॉक्टरच्या सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज आला.

मग बा म्हणाला, "साहेब, जरा ऱ्हावा." आजीला म्हणाला, "मला आत येऊ दे. दार नाय तोडत. बाईला भेटतो."

आजी इतकी चमकली की सरकलीच. पावलं माझ्याजवळ आली. बा गुडघ्यावर बसला, त्याचे गुडघे वाजायचे. निंबाची पानं त्यानं हातानं सरकवली. दोन्ही तळवे एकमेकांवर आले त्याचा आवाज मी ऐकला.

"बाई," बा म्हणाला. "तुमी आमच्या घरी आलाव. तुमचा मान हाय. माझी एक लेक हाय, ल्हान हाय. तिला टोचू द्या. तुमी व्हय म्हनलाव तर आतलं दार उघडंल."

मी इतके दिवस वाट बघत होतो की बानं मला मान द्यावा. आणि तो दिला तेव्हा माझी गाळण उडाली. मला वाटलं, बा पण मला अहो म्हणतोय, म्हणजे मी संपलो. आता इथं मी नाहीच, नुसत्या बाई आहेत. मला ओरडून सांगायचं होतं की बा, मी हाय. घशातून आवाज निघेना. शेवटी निघाला तो एवढाच, "टोचा."

आजी लगेच पुढं. "बाई, कोप नाय ना व्हनार? पोराला ठेवाल ना?"

"ठेवीन."

"निवद काय देऊ?"

आता कोंबडं, नारळ, लिंबू, काहीही म्हणालो असतो तर चाललं असतं. पण किती दिवस नुसती अळणी पेज पोटात. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "सुकट. भाजलेली."

मग आजी म्हणाली, "या बाई नायत! ह्ये कार्टंच बोलतंय!"

आतल्या दाराची कडी निघता निघता पुन्हा बसली. सगळं हातचं जात होतं. आणि माझा बा, ज्यानं पाटलाला "बाई तुमची" म्हणून सुनावलं होतं, तो शांतपणे म्हणाला, "आये, मरीआयला कोंबडं चालतं का?"

"चालतंय की."

"बकरं चालतं?"

"चालतंय."

"मंग सुकट कशी नाय चालनार? बाई कोकनातल्या हायत."

आजी कोंबडं, बकरं, सुकट असं पुटपुटली. मग आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाली, "उघड गं. त्याचं खरं हाय."

बहिणीला ओटीवर बाच्या मांडीवर टोचलं. ती अशी किंचाळली की घरातल्या मोठ्यानं न बोलण्याच्या नेमाचं तेव्हाच वाटोळं झालं. डॉक्टर सामान भरायला लागला तर आजी म्हणाली, "थांबा, निगालाव कुठं?" आणि स्वतः घराघरात गेली. "बाईंनी सांगितलंय, पोरं काढा भायेर." बाचं कुणी ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं ऐकलं नव्हतं, बाईंचं सगळ्यांनी ऐकलं. कणग्यांतून, माळ्यावरून पोरं निघाली. आमच्या ओटीवर अशी रांग लागली की डॉक्टरच्या बाकीच्या तीन वाड्या त्या दिवशी राहिल्याच.

पुढं बहिणीच्या दंडावर फोड आले, तापही आला. त्या दिवसांत बा ओटीवर बसला नाही, घरात बसला. तिचं कपाळ बघायचा, तळहात बघायचा, पुन्हा कपाळ. दंडावरच्या फोडांवर खपली धरली, आणि बाकी अंगावर एक ठिपका उठला नाही. माझ्याही खपल्या गळल्या. डोळे उघडले तर दोन्ही शाबूत. आजीनं निंबाच्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं, बाईंना वाटेला लावलं, आणि सुकट भाजली. वास सगळ्या वाड्यात गेला. ती खाताना आय म्हणाली, "नीट चावून गिळ." मला काय आनंद झाला!

वाड्यातल्या काही जणांनी बाला डिवचलं. दीक्षा घेतलेला माणूस बाईपुढं हात जोडतो का म्हणून. बा म्हणाला, "माझ्या पोराला जोडलं. तुमच्या पोरांना टोचलंय ना? मंग जावा घरी." आजी आणि बा यांचं मात्र त्यावर शेवटपर्यंत जमलं नाही. आजी म्हणायची पोरगी बाईंच्या शब्दानं वाचली, बा म्हणायचा सुईनं. म्हातारी गेली त्या वर्षीही त्यांची यावर जुंपली होती. देवी मात्र आमच्या गावात परत आल्या नाहीत, आणि पुढं काही वर्षांनी कुठंच राहिल्या नाहीत, असं रेडिओवर सांगितलं.

बहीण लोधिवलीला दिली. आता तिचीही नातवंडं कामाला लागलीत. महिन्या-दोन महिन्यांनी येते. आय, बा, आजी कुणी उरलं नाही. त्या दिवसाचा मीच एक साक्षीदार, आणि मीही डोळे चिकटलेला. तिला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून आली की विचारते, "बा माझ्यासाठी वाकला तवा काय म्हनाला रं?"

"तुझ्यासाठी नाय. माझ्याफुडं वाकला."

"तू नुसता पडला हुतास. सांग."

मी सांगतो. तुमी आमच्या घरी आलाव, तुमचा मान हाय, इथपासून.

"मागच्या खेपेला तू 'माझी एकच लेक हाय' म्हनलावतास."

"नाय. 'एक लेक हाय.'"

"एकच म्हनलावतास. मी ऐकलंय."

"तू दोन वर्साची हुतीस, तू काय ऐकनार?"

"तुझ्या तोंडून ऐकलंय!"

मग तिचा नातू बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजवत राहतो आणि ती ओटीवरून उठत नाही. मीही माघार घेत नाही. बा 'एक' म्हणाला होता. 'एकच' नाही.