पार्वतीकाकूंनी घेतलेलं नाव

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली ते बरं झालं. दुपारपासून एक शंका छळते आहे.

आमच्या शाळेत पाहुण्या आलेल्या आयरिश बाईंना मी आज पार्वतीकाकूंच्या गोठ्यावर नेलं; दुभाषी मीच. बाई जनावरांची नावं गोळा करतात. त्यांच्याकडे घोड्याला ‘कापल’ म्हणतात, गाईला ‘बो’. काकू हसल्या आणि आपल्याकडचीही नावं भराभर सांगू लागल्या.

काकूंची शेळी गेल्याचं मी वाटेत सांगितलं होतं, म्हणून मग बाईंनी विचारलं, “परवा तुमची शेळी कोणी नेली?”

शेळी नेणाऱ्या जनावराचं नाव घेतलं की ते परत येतं, असं आमच्याकडे मानतात, आणि गोठ्यात आता एकच गाभण शेळी उरली आहे. मी तोंड उघडलं, तर काकूंनी माझा हात दाबला.

“गप ऱ्हा गो बाय! ही लिहून नेते ती कोणाला दाखवायला?”

खरं सांगू? मलाही सकाळपासून तेच वाटत होतं. नुसत्या नावांसाठी कोणी इतक्या लांब येतं?

मी बाईंना अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “आम्हीही नाव टाळून लांडग्याला ‘मातीचा मुलगा’ म्हणतो. नाव राहिलं, लांडगे मात्र कधीच संपले.”

मी ते काकूंना सांगितलं. त्यांनी शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “संपले? मग लिही गो बाय. वाघ!”

काकू निर्धास्त झाल्या. मी नाही. मैत्रिणींनो, वही घेऊन माणसं येतात ती जनावर असताना, की ते जायला निघाल्यावर?